लाळग्रंथीच्या गाठीतला दुर्मीळ कर्करोग नुसत्या सुईच्या तपासणीतून कळतो का?

बऱ्याचदा कळतो, पण दर वेळी खात्रीने नाही. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या अशाच दुर्मीळ कर्करोगाचे उदाहरण घ्या: बारीक सुईने काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून गिम्सा रंगाने रंगवल्या, की गडद केंद्रकांच्या लहान पेशींनी वेढलेले, मण्यांसारखे रेखीव किरमिजी गोळे दिसतात. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा या साध्या गाठीत तोच किरमिजी पदार्थ सहसा तंतुमय असून त्याच्या कडा पेशींत मिसळून गेलेल्या असतात. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाच्या घन प्रकारात (ज्यात पेशी दाट गठ्ठ्यांत असतात) मात्र हे गोळे जवळपास नसतातच, आणि खरी फसगत तिथेच होते. अशा वेळी ठाम नाव देण्यापेक्षा मिलान पद्धतीनुसार (लाळग्रंथीच्या सुईच्या तपासणीचे अहवाल ठरावीक वर्गांत देण्याची पद्धत) ‘घातकतेबाबत अनिश्चित’ असा अहवाल देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. मग काढलेल्या गाठीची ऊतितपासणी, आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी, निर्णय देते. या कर्करोगाचा मज्जातंतूंभोवतीचा शिरकाव सुईच्या नमुन्यात सहसा दिसत नाही, म्हणून वेदना किंवा चेहऱ्याचा बधिरपणा असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.