उद्योग-सल्ला : परदेशी गिऱ्हाईक आलं की उत्पादकता वाढते का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंगचं युनिट आहे, 35 कामगार. आता एका परदेशी कंपनीच्या फलटणकडच्या कारखान्यातून चौकशी आली आहे. अशा गिऱ्हाइकामुळे उत्पादकता खरंच वाढते का? या कामावर ईपीसीजीतून (निर्यातीच्या अटीवर आयातशुल्क माफ करणारी सरकारी योजना) बिनशुल्क सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आणता येईल का?
— एक वाचक, कुपवाड

उत्तर : लिथुआनियातल्या कारखान्यांच्या अभ्यासात परदेशी गुंतवणुकीचा फायदा तिला माल पुरवणाऱ्यांना झालेला दिसला. व्हेनेझुएलात त्याच धंद्यातल्या स्थानिक कारखान्यांना मात्र फटका बसला. तुम्ही पुरवठादार आहात, तेव्हा बाजू बरोबर आहे.

पण फायदा ऑर्डरीसोबत आपोआप येत नाही, पीपीएपीच्या (उत्पादन सुरू करण्याआधी भागाला गिऱ्हाइकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) तयारीत मिळतो. साधारण सलग 300 नग नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या ऑपरेटरकडून काढून दाखवावे लागतात. महत्त्वाच्या मापांना बहुधा 1.67 सीपीके (माप ठरलेल्या मर्यादेत किती नेमाने राहतं याचा आकडा) मागतात. तो आला नाही की सगळे मशीनला शिव्या देतात. आधी गेज (मोजण्याचं साधन) तपासा : 10 नग, 3 माणसं, प्रत्येकाने 3 वेळा मोजायचं. मापांत दिसणाऱ्या एकूण फरकातला मोजणीचा (गेज आणि मोजणाऱ्याचा) वाटा 10 टक्क्यांच्या आत हवा. 30 च्या वर असेल तर नवं मशीन घेऊनही आकडे तसेच येतील.

रिजेक्शनच्या दोन वह्या करा, फाउंड्रीची (ओतकामाची) वेगळी आणि मशिनिंगची वेगळी. ब्लोहोल (ओतकामात हवा अडकून राहिलेली पोकळी) बरेचदा मशिनिंग झाल्यावरच उघडा पडतो, तोवर तुमचे तास गेलेले असतात. महिन्याला 20,000 नग, 7,000 कामगार-तास आणि 6 टक्के रिजेक्शन धरा : तासाला 2.69 चांगले नग. रिजेक्शन 2 टक्क्यांवर आलं की 2.8. म्हणजे एकही मशीन न घेता चार टक्क्यांहून जास्त वाढ. हिशोब नगांत ठेवा. रुपया घसरला की निर्यातदाराची विक्री फुगते, कामात काहीच बदललेलं नसतं.

ईपीसीजीबाबत सावध राहा. फलटणला दिलेला माल साधारणपणे निर्यात धरला जात नाही, कंपनी परदेशी असली तरी. वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत, आणि तीही आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निर्यातीच्या वर. 10 लाख वाचले तर 60 लाखांची. कमी पडली तर त्या प्रमाणात शुल्क व्याजासकट भरावं लागतं. स्वतःची निर्यात हातात नसेल तर या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : आयातशुल्क कमी केलं की आपल्याच कारखान्यांचं नुकसान नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तयार मालावर शुल्क कमी झालं की स्पर्धा टोचतेच. पण 1991 नंतरच्या भारतीय कारखान्यांत उत्पादकता जास्त वाढली ती कच्चा माल आणि सुटे भाग स्वस्त झाल्याने. तुमच्याकडे इन्सर्टचाच (मशीनच्या हत्यारात बसणारा, कड झिजली की फिरवायचा कापणारा तुकडा) हिशोब करून बघा. समजा 450 रुपयांचा आयात इन्सर्ट, चार कडा, प्रत्येक कडेवर 60 नग : नगाला 1.88 रुपये. 300 रुपयांचा, चारच कडांचा, प्रत्येक कडेवर 35 नग : 2.14. शिवाय 2,100 नगांमागे कड 25 वेळा कमी बदलावी लागते; दर वेळी चार मिनिटं धरली तर मशीन 100 मिनिटं जास्त चालतं.