युद्धात उधारी आपण दिली, नियम लिहिले दुसऱ्यांनी

प्रश्न : आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) अमेरिकेतल्या ज्या ब्रेटन वूड्स परिषदेत ठरलं तिथे आपले सी. डी. देशमुख होते असं वाचलं. पण १९४४ ला तर आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं, मग आपल्याला बोलावलं कसं? आणि इंग्रजच आपलं देणं लागत होते म्हणतात, त्याचं पुढे काय झालं? – एक वाचक, महाड

उत्तर : देशमुखांचा जन्म तुमच्या महाडजवळच्या नाते गावचा, त्यामुळे प्रश्न महाडहून आला याचा फार आनंद झाला. बोलावलं कारण १ जानेवारी १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर भारताचीही सही होती. अर्थात शिष्टमंडळाचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या सरकारातले इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेझमन, पण सोबत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते, आणि ही माणसं नुसती माना डोलवायला गेली नव्हती.

आता देण्याचं. युद्धात भारतातून सैन्याला कापड, धान्य, सामान जायचं, ब्रिटन त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडात जमा करायचं आणि त्या जमेवर इथे रिझर्व्ह बँक रुपये छापायची. म्हणजे माल गेला, नोटा वाढल्या, महागाई भडकली, १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, आणि लंडनच्या खात्यात मात्र आपला आकडा फुगत गेला, युद्ध संपेपर्यंत साधारण १,७०० कोटी रुपये. ही बचत लोकांच्या पोटाला चिमटा काढून झाली होती हे विसरता कामा नये.

श्रॉफ यांनी परिषदेत मागणी लावून धरली की या पैशांचा निदान काही भाग तरी डॉलरसारख्या दुसऱ्या चलनात बदलून मिळायची सोय नव्या फंडातून, म्हणजे आयएमएफमधून व्हावी. ब्रिटन आणि अमेरिका दोघांचाही नकार. ब्रिटनच्या बाजूने बोलणारे अर्थतज्ज्ञ केन्स म्हणाले आम्ही देणं इमानदारीत फेडू, पण हा आमचा आपसातला मामला आहे.

खरं तर केन्सचेही हात बांधलेलेच होते. अमेरिकेने लेंड-लीज या युद्धकाळातल्या मदत योजनेतून ब्रिटनला शस्त्रं पुरवली ती फुकट नाही, फेब्रुवारी १९४२ च्या करारातल्या सातव्या कलमात व्यापारातला भेदभाव संपवायचं वचन घेतलं, रोख ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी एकमेकांना दिलेल्या व्यापारी सवलतींवर होता. केन्सची योजना होती की बँकॉर नावाचं जागतिक चलन असावं आणि ज्याच्याकडे व्यापारातली शिल्लक साठते त्या देशावरही थोडा भार यावा, पण सगळ्यात मोठी शिल्लक अमेरिकेकडे, ती कशाला मानेल? अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट यांची योजनाच मुख्यतः चालली, ३५ डॉलरला एक औंस सोनं आणि बाकी चलनं डॉलरला बांधलेली. माझ्या मते निकाल जुलै १९४४ च्या परिषदेत नाही, लेंड-लीजच्या सहीलाच लागला होता.

फंडातला कोटा, म्हणजे देशाचा वाटा आणि त्यानुसार वजन, आपल्याला मिळाला ४० कोटी डॉलरचा, चीनला ५५ कोटी, याची आपल्याकडे बरीच खंत होती. पुढे रशियाने करार मंजूरच केला नाही म्हणून कोट्यात पहिल्या पाचात आपण आलो आणि फंडाच्या कार्यकारी मंडळावर स्वतःची खुर्ची मिळाली.

आणि ते पौंड? अमेरिकेने ब्रिटनला दिलेल्या १९४६ च्या कर्जात अट घातली म्हणून जुलै १९४७ मध्ये चालू व्यवहारांसाठी पौंड डॉलरमध्ये बदलून मिळायला लागला, पण डॉलरचा साठा इतक्या वेगाने आटला की महिनाभरात, २० ऑगस्टला, ते बंद. मग आपले पैसे हप्त्याहप्त्याने, वाटाघाटी करून सुटत राहिले, आणि सप्टेंबर १९४९ ला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला गेला तेव्हा जे उरलं होतं त्याची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी घसरली.