हापूसच्या बागेची वेबसाइट

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक थेट मिळावं म्हणून वेबसाइट करतोय. तिच्यावर काय हवं?

उत्तर : आधी भाव लिहा. पाच डझनाची पेटी केवढ्याला, घरपोच खर्च किती, फळ खराब निघालं तर काय कराल, हे पहिल्याच पानावर. भाव दिसला नाही की मी स्वतः पुढे जाते. फोन नंबरला बोट लावताच कॉल लागावा. फोटो तुमच्याच बागेचे, अढीतल्या आंब्यांचे. पण फाइल हलकी, गिऱ्हाईक मोबाइलवर बघतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ठराविक भागातल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. त्याखाली तुमची नोंदणी असेल तर क्रमांक ठळक द्या. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो, तिथे तोच पुरावा. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घ्या, साइट बनवणाऱ्याच्या नको.