कादंबरी लिहू पाहणाऱ्या संशोधिकेस

चि. … हिला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोलापूरच्या विडी कामगारांच्या मजुरीवर संशोधन करू की कादंबरी लिहू, असं विचारलंस. दोन्ही कर. कादंबरीवर घर चालेल या भ्रमात मात्र राहू नकोस. मराठीत ते फार थोड्यांना जमलं. संशोधनाची कामं मुदतीची असतात, मधले महिने मोकळे मिळतात. त्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहायलाही नको. बैठक असली की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, रात्री घरी.

अडचण वेळेची नाहीच. एकाच माणसाच्या दारात दोन हेतूंनी उभं राहण्याची आहे.

शहराच्या पूर्वभागात गेलीस की बघशील. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पान कापणं चालू. आणि ‘काय काम करता?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ सर्वेक्षण करणारा ‘गृहिणी’ लिहून पुढच्या घरी. 1966 च्या विडी-सिगार कामगारांच्या कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं, आपली प्रश्नावली तिला गाळते! तेव्हा विचारायचं ते असं: काल किती विड्या वळल्या? तपासणीत किती बाजूला काढल्या? पान कमी पडलं तेव्हा पदरचे पैसे घातले का? आणि शक्यतो तेलुगूत विचार, तिथे पुष्कळांची घरची भाषा तीच. असे प्रश्न कादंबरीकाराला चटकन सुचतात, कारण त्याला बोलणं ऐकायची खोड असते.

उलट्या दिशेने मात्र जपून. तिने होकार दिला तो मजुरीच्या अभ्यासाला. तिच्या नवऱ्याचं कर्ज तुझ्या तिसऱ्या प्रकरणात आलं आणि गल्लीने ओळखलं, तर नाव बदलल्याचा काय उपयोग? माझं ऐकशील तर संशोधन विड्यांवर कर आणि कादंबरी टॉवेलच्या कारखान्यातल्या रात्रपाळीवर लिही. तिथे वही न घेता जा, कादंबरीसाठी आलेय हे सांगूनच जा.

सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर ही कामगारांसाठीची 30,000 घरांची वसाहत आहे. त्यातली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती आली. अहवालात तू विड्या पोचवायचं अंतर, रिक्षाभाडं, पाण्याच्या पाळ्या मोजशील. जुन्या वस्तीतली शेजारीण सुटल्यावर तिथे राहायला गेलेली बाई आता भांडते कुणाशी, हे कुठल्याच तक्त्यात मावणार नाही. कादंबरीला तेच हवं. धोरण पटवून देण्यासाठी पात्रं उभी केलीस, तर ती पहिल्या पानापासून भाषण ठोकतील.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास 1965 मध्ये पुस्तकरूपाने आला. तो मिळवून वाच. तक्ते कंटाळवाणे वाटतील, वाटू देत. घरखर्चाचे आकडे सावकाश वाचलेस तर त्या काळचं अख्खं स्वयंपाकघर दिसायला लागतं.

अहवाल चालू असताना कादंबरीला हात लावू नकोस. ‘लाभार्थी’, ‘वंचित घटक’ असले शब्द पात्रांच्या तोंडी घुसतात.

प्रश्नावलीचा मसुदा पुढच्या आठवड्यात पाठव, लाल शाईने परत करतो. कादंबरीची पानं मात्र इतक्यात कुणाला दाखवू नकोस, मलाही नाही.

तुझा,
काका