कोळंबी कच्चीच घाला, पण शेवटी आणि गरम सॉसमध्ये

तुमचा प्रश्न असा की बेक्ड पास्त्यात कोळंबी दर वेळी वातड होते, ट्रेच्या तळाला पाणी साचतं, आणि आधी परतून घ्यायची का कच्ची घालायची ते कळत नाही. वर दोघातिघांनी लसूण-बटरवर परतून घ्या असं सांगितलंय, वास छान येतो हे खरं पण माझं मत उलटं आहे. परतून घालूच नका.

कारण अगदी सरळ आहे. मध्यम आकाराच्या कोळंबीला शिजायला दोन-तीन मिनिटं पुरतात आणि पास्त्याचा ट्रे ओव्हनमध्ये आपण ठेवतो वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे परतलेली, आधीच शिजलेली कोळंबी पुन्हा तेवढा वेळ शिजवायची. आतलं तापमान ६३ अंश सेल्सियसला पोचलं की ती खायला तयार, त्याच्या पुढे जितकी तापेल तितकी प्रथिनं आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तळाला साचतं ना, त्यातलं बरंचसं पाणी हेच. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

मग करायचं काय, तर ओव्हनचं काम कमी करायचं. थंड सॉस, थंड पास्ता असा ट्रे लावला की तो मधोमध गरम व्हायलाच पंधरा मिनिटं जातात आणि तोवर कडेची कोळंबी कामातून गेलेली असते. त्यापेक्षा पास्ता आणि सॉस उकळते गरम असताना एकत्र करा, गॅस बंद करा, त्यात कोरडी केलेली कच्ची कोळंबी मिसळा, लगेच ट्रेमध्ये ओता, वर चीज आणि बटर चोळलेले ब्रेडक्रम्ब्स, आणि आधीच २२० अंशाला तापलेल्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं. बास. कडेला बुडबुडे आले, वर रंग आला की बाहेर. रंग येत नसेल तर शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा ग्रिल लावा, पण समोर उभं राहून, तेवढ्यात फोन घेऊ नका.

झालीये का हे बघायला मधली एक कोळंबी चमच्याने उकरून काढा. इंग्रजी सी सारखी सैल वळलेली, गुलाबी-पांढरी आणि कापल्यावर आत कुठे काचेसारखं पारदर्शक दिसत नाही, म्हणजे झाली. पूर्ण गोल वळून शेपटी डोक्याला टेकली असेल तर ती जास्त शिजलीये. बाहेर काढल्यावरही ट्रे पाच मिनिटं आतून शिजत राहतो, तो हिशोब धरा.

आता पाण्याचं. फ्रोझन कोळंबीवर बर्फाचा पातळ थर असतो, पाकिटातून काढून तशीच सॉसमध्ये टाकली तर ते सगळं पाणी सॉसमध्ये जाणारच. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सोडवा, घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात. मग निथळून, पाठीला चीर देऊन काळा दोरा काढून टिश्यूने टिपून घ्या, एकदा टिपून भागत नाही, दोनदा टिपा. नंतर ४०० ग्रॅम सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये. सोड्याने ती थोडी अल्कधर्मी होते आणि पाणी धरून ठेवते, दाताखाली कुरकुरीत लागते. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. आणि पाकिटावर घटकांमध्ये फॉस्फेट लिहिलं असेल तर हे चोळणं सोडूनच द्या, त्या कोळंबीत आधीच जास्तीचं पाणी मुरवलेलं असतं.

आकार मोठा घ्या. पाकिटावर १६/२०, ३१/४० असे आकडे असतात, ते एका पाउंडात म्हणजे साधारण ४५० ग्रॅममध्ये किती नग बसतात त्याचे, म्हणून आकडा लहान तर कोळंबी मोठी. बेकिंगला २१/२५ किंवा २६/३० चांगली. गुलाबी रंगाची, शिजवून फ्रीझ केलेली मिळते ती सॅलडला ठेवा, इथे नको.

पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढा आणि सॉस तुम्हाला वाटतो त्याहून सैल ठेवा, कारण पास्ता ओव्हनमध्ये सॉस पीत राहतो. ३०० ग्रॅम पास्त्याला मी तीन कप दुधाचा व्हाइट सॉस घेते, चार टेबलस्पून बटर, तेवढाच मैदा. आणि इथे खरी गंमत आहे, कोळंबीची सालं फेकून देऊ नका! थोड्या तेलात लाल होईपर्यंत परता, दोन कप पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा, गाळा, आणि तीनपैकी एक कप दुधाच्या जागी हे पाणी घाला. कोळंबी ट्रेमध्ये कमी पडली तरी चव सगळीकडे लागते, नाहीतर एरवी नुसता चीज-पास्ता आणि त्यात अधूनमधून कोळंबी असं होतं. चीज हात राखून घाला, मोझरेला वरून आणि थोडं पार्मेझान सॉसमध्ये पुरतं, जास्त झालं की कोळंबीची गोडसर चव मरते. लिंबू पिळायचं तर ताटात, उकळत्या दुधाच्या सॉसमध्ये पिळलंत तर फाटू शकतो.

लझान्याचं मात्र वेगळं. थर लावेपर्यंत सगळं गार होतं, आणि न उकडलेल्या शीट्स असतील तर त्यांना अर्ध्या तासाच्या वर लागतो. त्यात माझा उपाय म्हणजे थरांमध्ये फक्त सालांच्या पाण्याचा सॉस आणि भाज्या, लझान्या फॉइल लावून पूर्ण बेक करायचा, मग फॉइल काढून वर तेल-लसूण लावलेली कोळंबी एका थरात पसरायची आणि सहा-आठ मिनिटं परत आत. दिसतोही छान.

आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर सॉस आणि कोळंबी फ्रिजमध्ये वेगवेगळी ठेवा, पास्ता आयत्या वेळी उकडा. कच्ची कोळंबी कोमट सॉसमध्ये मिसळून ट्रे ओट्यावर ठेवून द्यायचा नाही, मिसळली की थेट ओव्हन. उरलं तर दोन दिवसांत संपवा, गरम करताना दोन चमचे दूध घालून झाकण ठेवा, पण दुसऱ्या दिवशी कोळंबी थोडी घट्ट लागणारच, त्याला इलाज नाही.