शिकलेल्या पोरीनं माती काऊन खणायची?

प्रश्न : आम्ही सावनेर तालुक्यातले. मुलगी नागपूरला बी.एस्सी. ॲग्री झाली, सीजीपीए ७.८. आता एका पर्यावरण सल्लागार कंपनीत खाणीच्या परवानगीसाठी मातीचे नमुने घ्यायची नोकरी मिळतेय. शिकलेल्या पोरीनं माती काऊन खणायची? एमपीएससी करायला तुम्हीच तिला समजवा. – एक वडील

उत्तर : पत्रात तिचे गुण आहेत, तुमचं मत आहे, तिला काय हवं, ते कुठंच नाही. तिनं नोकरी शोधली, मुलाखत दिली, निवडली गेली. तिला समजवायचं काम मी करणार नाही. तुमची भीती मे महिन्यातल्या उन्हाची आहे, पोरीनं एकटीनं रानात जाण्याची आहे, की सोयऱ्यांच्या बोलण्याची? ऊन असेल तर काम सकाळी उरकता येतं. एकटीनं जाण्याची असेल, तर सोबत मदतनीस आणि कंपनीची गाडी मिळते का, ते विचारा. सोयऱ्यांवर माझ्याकडे औषध नाही.

एमपीएससीची कृषी सेवा तिला खुली आहेच, पण तिची इच्छा असेल तर.

आता 'माती खणणं' याबद्दल. प्रयोगशाळेत हुशारी आणि शेतात मजुरी, हा समज साफ चुकीचा आहे. नमुना चुकला की पुढचं महागडं यंत्र चुकीचाच आकडा नेमकेपणानं देतं. सुपीकतेसाठी एकसारख्या तुकड्यात नागमोडी फिरून १५-२० जागी १५ सेंमीचे 'व्ही' आकाराचे खड्डे घ्यायचे, कडेची सारख्या जाडीची माती काढायची, मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे. असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाखालची आणि शेणखताची जागा टाळायची. जस्त तपासायचं आणि माती गोळा केली जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत, की आकडा फुगलाच! खाण खोदण्याआधी वरची माती किती खोलीपर्यंत काढून जपायची, हे ठरवायला मात्र उभा खड्डा लागतो. त्यात थरांचे नमुने खालून वर घ्यायचे, नाहीतर वरची माती खालच्या थरात सांडते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची माती भेगेतून आत जाते. खड्ड्याची जागा निवडतानाच हे ओळखावं लागतं. घनतेचा नमुना वेगळा, न विस्कटता नळकांडं ठोकून घ्यायचा. पिशवीतल्या मातीवरून घनता निघत नाही.

खाण संपल्यावर जमीन पूर्वीसारखी झाली का, हे याच पहिल्या नमुन्यांशी ताडून पाहतात. ते चुकले तर पुढं ताडायला काही उरत नाही. खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यावर तर दगडच जास्त. २ मिमी चाळणीवर उरलेल्या खड्यांचं वजन नोंदवलं नाही, तर कागदावर तो ढिगारा प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी धरतो आणि रोपं मात्र वाळतात. तुमच्याच तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेनं प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) आणि मातीतले उपयोगी जिवाणू, बुरशी वापरून झाडं वाढवली. जा, बघून या. शक्यतो पोरीला घेऊन.

मला चिंता आहे ती कंपनीची. कंपनीला नॅबेटची (पर्यावरण सल्लागारांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता आहे का, नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत जातात का, प्रत्येक खड्ड्याची जीपीएस नोंद आणि फोटो ठेवतात का, हे तिनं रुजू होण्याआधी विचारावं. पगार महिन्याचा की नमुन्यामागे, हेही. नमुन्यामागे पैसे असले की एकाच खड्ड्यातल्या मातीच्या पाच पिशव्या भरायचा मोह होतो. तसं करायला साहेबानंच सांगितलं, तर त्याच दिवशी तिनं घरी यावं, आणि तुम्ही 'मी म्हणत होतो ना' म्हणू नये.