दुखणेही खरे, गोळीही खरी

प्रिय डॉक्टर,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले. पन्नास मिलिग्रॅमच्या आठ-दहा ट्रामाडॉल (अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी) रोज घेणाऱ्या ऊसतोड मजुराला पुन्हा गोळ्या लिहून द्याव्यात की दारातूनच परत पाठवावे, असे तू विचारले आहेस. तो कंबरदुखीचे सोंग करतो, असे तुला ओपीडीत सांगण्यात आले. माझे मत स्पष्ट आहे: त्याची कंबर खरोखर दुखते आणि गोळीची सवयही त्याला खरोखर लागली आहे. एक खरे मानून दुसरे नाकारलेस, तर दोन्ही उपचार फसतील.

आपल्या बीडकडचा माणूस उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्यावर जातो तेव्हा पहाटेपासून वाकून ऊस तोडतो, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी त्याचे पैसे कापले जातात. मेडिकलमधून आणलेली पट्टी त्याने पहिल्यांदा उघडली ती नशेसाठी नव्हे, दुसऱ्या दिवशी उभे राहता यावे म्हणून. पुढे तीच गोळी पुरेना, मात्रा वाढली. ओपिऑइड, म्हणजे ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची औषधे, दीर्घकाळ घेतल्याने काहींची वेदनेची संवेदना उलट तीव्र होते, हे लक्षात ठेव. म्हणून त्याला 'किती दुखते' एवढेच विचारू नकोस. कधी दुखते ते विचार. शेवटच्या गोळीनंतर काही तासांनी जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, जुलाब आणि त्यासोबत सर्वांगाला ठणका, असे तो सांगत असेल, तर त्यातला मोठा भाग विड्रॉवलचा, म्हणजे गोळीचा अंमल उतरताना होणाऱ्या त्रासाचा, आहे. तो ठणका त्याला कंबरदुखीच वाटतो, आणि त्यात त्याची लबाडी नाही.

मांड्या आणि दंडही पाहा. पेंटाझोसिन या ओपिऑइड वेदनाशामकाची इंजेक्शने वारंवार घेतलेल्याची कातडी लाकडासारखी घट्ट होते, चिमटीत धरता येत नाही, कधी जखमा भरत नाहीत. ही कातडी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती माझ्याच चुकीमुळे. नवखा असताना एका रुग्णाच्या गोळ्या मी एका दिवसात बंद केल्या, वर चार कडक शब्द सुनावले. तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या मांडीत पू झाला होता. गोळी मिळेना म्हणून तो सुईकडे वळला होता. ते आजही मनाला लागते.

म्हणून एकदम बंद करू नकोस. वर्षानुवर्षे घेणाऱ्याची मात्रा महिन्याला सुमारे 10 टक्के, किंवा त्याहूनही हळू उतरव. पण दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर ट्रामाडॉलने फिट येण्याचा धोका वाढतो. तुझा रुग्ण त्या सीमेवर किंवा तिच्याही पुढे आहे, तेव्हा अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन (दुखण्यावरही दिली जाणारी नैराश्याची औषधे) जोडताना फार जपून राहा. उन्हात पाण्याविना राबणाऱ्याला डायक्लोफेनॅकसारख्या सूज-वेदनेच्या गोळ्यांचा मारा करून त्याच्या मूत्रपिंडांवर संकट आणू नकोस. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर श्वास मंदावतो, तेव्हा ते आधी विचार. ट्रामाडॉल 2018 मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आल्यापासून माझ्याकडे टॅपेंटाडॉल या तशाच दुसऱ्या गोळीच्या पट्ट्या अधिक दिसतात. तिचेही नाव घेऊन विचार.

मात्रा उतरवणे जमत नसेल, तर मानसोपचार विभागाच्या मदतीने जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडची सवय सोडवण्यासाठी पर्याय म्हणून देतात त्या गोळीचा, विचार कर. यात एक बारकावा नेहमी निसटतो. दिवसातून एकदा दिलेली मात्रा तलफ आवरते, पण वेदनाशमन सहा ते आठ तासच टिकते. कंबर दुखणाऱ्याला तीच एकूण मात्रा तीन-चार वेळांत विभागून द्यावी लागते. विड्रॉवलची लक्षणे स्पष्ट दिसू लागल्याशिवाय पहिली गोळी देऊ नकोस, नाहीतर औषधच त्याला तीव्र विड्रॉवलमध्ये ढकलेल आणि तो पुन्हा तुझ्याकडे फिरकणार नाही. मानसोपचाराकडे पाठवलेस तरी कंबर तुझ्याकडेच ठेव. व्यायाम, शेक, ओझे उचलण्याची पद्धत, झोप हे सारे तुलाच पाहायचे आहे.

पुस्तकात न सापडणारी गोष्ट म्हणजे हंगाम. ऐन तोडीत मात्रा कमी करायला गेलास तर तो खाडा परवडत नाही म्हणून बाहेरून गोळ्या घेईल. तोवर मात्रा वाढू न देता स्थिर ठेव, औषध आठवड्यापुरतेच दे आणि चालू मात्रा लिहिलेला कागद त्याच्याजवळ असू दे, म्हणजे कारखान्याजवळच्या डॉक्टरला अंदाज करावा लागणार नाही. पाडव्याच्या सुमारास टोळ्या गावी परततात. उतरवण्याचे काम तेव्हा सुरू कर आणि दिवाळीपर्यंतचा वेळ त्याला दे.

आणि पुढच्या भेटीत त्याच्या बायकोलाही आत बोलाव. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मोळी तीही वाहते, आणि घरातली पट्टी बहुधा एकच असते. तिच्या कमरेची चौकशी अजून कोणी केलेली नसेल.

तुझा,
जुना सर